सातवं कलम

“या वेळी घोडा मागू,” मी म्हणालो. “दर प्राध्यापकामागे एक घोडा. चाऱ्यासकट.”

“आणि लीद कोण उचलणार? प्रपाठक की अधिव्याख्याता?” कुंदाबाईंनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

माईंनी तव्यावरची भाकरी उलटली. “घोडा नको रे भास्करा. घोड्याले नाही म्हणताना कुलगुरूले हसू येईन. हसून म्हटलेलं ‘नाही’ काही कामाचं नसते. नाही म्हणताना त्याले वाटलं पाह्यजे, आपण लई कडक झालो.”

एप्रिलचं ऊन अंगणात तापत होतं, आणि आमच्या प्राध्यापक संघटनेची बैठक नेहमीसारखी माईंच्या स्वयंपाकघरात चालली होती. संघटनेला कार्यालय होतं, पण तिथे पंखाही नव्हता आणि भाकरीही नव्हती.

कुंदाबाई वैरागडे म्हणजे संघटनेच्या अध्यक्ष. गणित शिकवायच्या. खोटं बोलता येत नसे. त्यांना ते जमतच नव्हतं, जसं काही लोकांना शीळ घालता येत नाही. माई त्यांची थोरली बहीण. आईबाप गेले तेव्हा कुंदाबाई फ्रॉकमध्ये होत्या. माई विधवा होऊन परत आल्या, खानावळ काढली, आणि त्या खानावळीच्या धुरातून धाकटीला पार डॉक्टरेटपर्यंत नेलं. मी विद्यार्थी असताना दोन वर्षं तिथे जेवलो. म्हणून पुढे भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झालो, डोक्यावरचे केस गेले, तरी माईंच्या तोंडी मी ‘भास्करा’ आणि ‘लेका’च राहिलो.

संघटनेचा सचिव मी होतो. अभ्यासामुळे नव्हे, थापांमुळे. मागच्या एका कुलगुरूंना मी शैक्षणिक सहलीतल्या बिबट्याची हकिगत सांगायला घेतली होती. बिबट्यानं आमचे सगळे डबे खाल्ले आणि लोणचं तेवढं मीठ जास्त म्हणून ठेवून दिलं, इथपर्यंत आलो तेव्हा दुपारचं जेवण हुकलेले कुलगुरू म्हणाले, “पाठराबे, कुठे सही करू ते दाखवा.” घरभाडं भत्ता आम्हाला असा वाढवून मिळाला. खोटं वाटत असेल तर त्या बिबट्याला विचारा.

पगार सरकार ठरवी. पण थकलेला फरक केव्हा द्यायचा, रजा कुणाला, औषधपाण्याचा खर्च कुणाकुणाचा, हे विद्यापीठाच्या हातात होतं. दर तीन वर्षांनी त्याचा करार व्हायचा. पहिल्या खेपेला आम्ही अगदी वाजवी मागण्या नेल्या आणि हात हलवत परत आलो. तेव्हा माईंनीच या चुलीपाशी सांगितलं होतं, “कुलगुरू झाला तरी माणूसच हाये तो. कशाले तरी नाही म्हटल्याबिगर त्याले हो म्हणता येत नाही. घरात कोनी आजारी पडलं की आपण उतारा नाही काय काढत? लिंबू, भात ओवाळून चौकात ठेवतो. पीडा तिथंच थांबते, घरात येत नाही. तसा एक उतारा ठेवा मागण्यांत.”

तेव्हापासून सातवं कलम उताऱ्याचं. ते नामंजूर व्हायचं, आम्ही आदळआपट करायची, अध्यक्षांनी जड मनानं माघार घ्यायची, आणि बाकीची कलमं सुखरूप घरी यायची. विद्यापीठाच्या बाजूनं हे फक्त कुलसचिव टेंभेकरांना ठाऊक होतं, कारण खुर्ची मिळण्याआधी तेही याच स्वयंपाकघरात बसायचे. सातवं आलं की ते स्वतःच गरजायचे, “हे अशक्य आहे!” आणि चष्म्याआडून मला डोळा मारायचे.

“छत्री मागा,” माई म्हणाल्या. “दर वर्षी एक. स्वस्त हाये म्हणूनच त्याले राग येईन. विद्यापीठानं काय छत्र्या वाटायच्या?”

रेवती ढोमणे खुदकन हसली. तासिकांवर इतिहास शिकवणारी पोर, सातवा महिना लागलेला. या खेपेचं आमचं खरं कलम तिचं होतं, म्हणजे तिच्यासारख्या सगळ्यांचं: तासिकांवरच्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा. तोवर अशी बाई बाळंत झाली की तिच्या तासिका दुसऱ्याला जायच्या आणि ती परत येईपर्यंत तिचं नाव पुसलेलं असायचं. ते सहावं. सातवी छत्री.

“आणि आठवं,” मी म्हणालो, “औषधपाण्याच्या सवलतीत अवलंबित भाऊ-बहीण.”

कुंदाबाईंनी पेन खाली ठेवलं. “नाही.”

“कोलत्यांचा मुका भाऊ आहे. चौधरींची परित्यक्ता बहीण आहे.”

“आणि अध्यक्षांची माई आहे, असंच म्हणतील. अध्यक्षानं स्वतःच्या घरासाठी मागायचं नसतं.”

माईंच्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवड्यातून दोनदा मशीनवर यावं लागेल, आणि जगायचं असेल तोवर यावं लागेल. नियमात नवरा बसत होता, मुलं बसत होती, आईबाप बसत होते. जिनं आईबापांचं सगळं केलं ती बहीण बसत नव्हती. कुंदाबाईंकडे विकण्यासारखं एकच होतं, टेकडीमागचा एक प्लॉट. निवृत्त झाल्यावर विद्यापीठाचं क्वार्टर सुटणार, तेव्हा डोक्यावर छप्पर हवं म्हणून माईंनीच खानावळीतून जमवून धाकटीच्या नावावर घेतलेला. आणि माईंनी बजावलं होतं, “तुहं घर विकून मी जगनार नाही. नियमात बसत असन, तर खुशाल टोचा मले.”

“ताई,” रेवती म्हणाली, “माझं कलम माझ्यासाठी मागितलं तर चालतं. मग माईंचं का नाही?”

मी आठवं कलम लिहून टाकलं. माईंनी गरम भाकरी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, “खाय लेका. लिहिताना तरी खरं लिहितोस.”

*

बैठकीच्या दिवशी सकाळी आमची सर्वसाधारण सभा झाली. तिसरं कलम होतं प्राध्यापकांचा हजेरीपट बंद करण्याचं. त्यावर दोन गट असे भिडले की शेवटी वैतागून सभेनं ते कलमच वगळलं. लिपिकानं घाईघाईनं मसुदा पुन्हा टंकून दिला आणि आम्ही तसेच कुलगुरूंच्या दालनात पळालो.

कूलर घरघरत होता. टेबलाच्या पलीकडे कुलगुरू, टेंभेकर आणि नवे वित्त अधिकारी गर्गे. गर्गे बाहेरून आलेले. माणूस सभ्य, पण कलमाला टोपण घालायचं त्यांना आवडत नसे. टोक सतत कागदावर रोखलेलं.

टेंभेकर वाचत गेले. थकलेला फरक दोन हप्त्यांत: मंजूर. प्रवास भत्ता: मंजूर. तिसरं, चौथं. पाचव्याला गर्गे खाकरले.

“बाळंतपणाची रजा, तीही तासिकांवरच्यांना? मला हे पटलेलं नाही, साहेब.”

“त्यांची मुलं तासिकांवर जन्मत नाहीत,” कुंदाबाई म्हणाल्या.

कुलगुरू हसले. “लिहा, मंजूर.” रेवतीनं टेबलाखाली माझा हात इतका दाबला की माझी अंगठी बोटात रुतली.

“सहावं,” टेंभेकरांनी वाचलं. “प्रत्येक प्राध्यापकास दरवर्षी एक छत्री.” ते जरा चाचरले. मग मनाशी काहीतरी ठरवून खांदे उडवले.

“छत्री?” कुलगुरूंनी खिडकीबाहेरच्या रखरखीकडे पाहिलं. “द्या हो. या उन्हात गरजच आहे. मंजूर.”

मला हसू फुटलं. छत्री मिळाली! आयुष्यभर पुरेल असा किस्सा हाती लागला होता. हसत हसत मी कुंदाबाईंकडे वळलो, आणि हसू ओठांतच राहिलं. त्या कागदावरच्या आकड्याकडे बघत होत्या. तिसरं गळलं होतं. खालचं प्रत्येक कलम एकेक घर वर सरकलं होतं. सकाळपासून आम्ही सगळ्यांनी शब्द वाचले होते, आकडा कुणीच वाचला नव्हता.

“सातवं!” टेंभेकर गरजले. “अवलंबित भाऊ-बहिणींना औषधोपचाराची सवलत. हे अशक्य आहे! उद्या मावस आणि चुलत येतील. साहेब, हे विद्यापीठ आहे की धर्मशाळा?” आणि चष्म्याआडून त्यांनी मला डोळा मारला.

“बरोबर आहे,” कुलगुरू म्हणाले. “नामंजूर.”

मी उभा राहिलो. “साहेब, क्रमात एक घोटाळा—”

“घोटाळा?” गर्ग्यांच्या कलमाचं टोक वर आलं. “मसुद्यात चूक असेल तर सही नको. सगळाच मसुदा पुन्हा बघू. पाचव्यावर माझा आक्षेप आहेच. पुढच्या महिन्यात बसू.”

पुढच्या महिन्यात कुलगुरू बदलणार होते, हे चपराशालाही माहीत होतं. रेवतीचा हात माझ्या हातातून सुटला. तिनं तो पोटावर ठेवला होता.

कुंदाबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. फक्त एकदा.

“घोटाळा काही नाही,” त्या म्हणाल्या. “सचिवांना निषेध नोंदवायचाय.”

“बाई—”

“नोंदवा, भास्करराव.”

रिवाजच होता तो. सातवं पडलं की सचिवानं आदळआपट करायची. मी टेबलावर मूठ आपटली. पन्ह्याचे पेले हादरले. काय बोललो ते आता धड आठवत नाही. एवढं आठवतं, की जिनं लोकांची उष्टी ताटं घासून धाकटीला शिकवलं ती बाई तुमच्या नियमात कोण लागते, असं काहीतरी विचारलं. आणि मध्येच आवाज फाटला, आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

“सातवं कलम मागे,” कुंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

व्हरांड्यात टेंभेकरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “पाठराबे, काय वठवलंत! डोळ्यांत खरं पाणी! मी क्षणभर फसलो हो.”

“टेंभेकर,” मी म्हणालो, “उतारा सहावा होता.”

त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तसे ते आत धावले. बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता. गर्ग्यांनी शिक्का मारून कागद पुढे धाडला होता. आता तीन वर्षांनी. “मला वाटलं, मी तुम्हाला मदतच करतोय,” ते म्हणाले.

कुंदाबाई सायकल स्टँडपाशी निंबाखाली थांबल्या होत्या.

“भास्करराव, तुमच्या थापा मी आजवर मुलांच्या चुकीच्या उत्तरांसारख्या ऐकून घेतल्या. आज एक मला हवी आहे.”

“काय सांगायचंय?”

“मंजूर झालं म्हणून. प्लॉटला गिऱ्हाईक आहे. व्यवहाराला तीन-चार महिने लागतील. तोवर माझ्या पगारावर भागवीन. माईला फक्त कळता कामा नये. मला ते सांगता येणार नाही. मी तोंड उघडलं तर ती ओळखेल.”

“तुम्ही नुसत्या शेजारी बसा,” मी म्हणालो. “बाकी माझ्यावर सोडा.”

*

माई सुपात डाळ निवडत बसल्या होत्या. पाय सुजले होते, म्हणून ते उशीवर ठेवले होते.

मी उंबऱ्यातूनच आरोळी ठोकली. “माई, साखर काढा!”

आणि मग मी सांगत सुटलो. तुमचं कलम आलं, तसं कुलगुरू उठलेच, माई, इतके उठले की खुर्ची त्यांच्या अंगाला चिकटून त्यांच्याबरोबर उठली. गर्गे म्हणाले, माझ्या मढ्यावरून हे कलम जाईल. तेवढ्यात खिडकीतून एक लालतोंड्या माकड आत आलं आणि त्यानं गर्ग्यांचं ते बिनटोपणाचं कलम पळवलं. गर्गे मागे, माकड पुढे. टेबल, कपाट, पंखा! टेंभेकरांची कवळी हसता हसता पन्ह्यात पडली. माकड कागदावर बसलं. उठलं तेव्हा नेमकी ‘मंजूर’च्या रकान्यात शाईची रेघ! कुलगुरू म्हणाले, प्रत्यक्ष मारुतरायाची सही आहे, आता मी कोण नाही म्हणणारा?

माई हसून हसून बेजार झाल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “मेल्या, एवढ्यातलं खरं काय ते सांग.”

“माकड खोटं. मंजूर खरं.”

त्यांनी कुंदाबाईंकडे पाहिलं. “खरंच काय वो कुंदे? आठवं झालं?”

आणि कुंदाबाई, ज्यांनी तोंड उघडायचंच नव्हतं, त्यांनी उघडलं. आकडा चुकलेला त्यांना जन्मात सहन झाला नव्हता. “आठवं नाही गं, सातवं. तिसरं सभेनं सकाळीच वगळलं ना, मग सगळी एकेक वर सरकली.”

सुपातला हात थांबला. फार नाही. एखादा खडा बोटाला लागला तर थांबेल, तेवढाच. मग माईंनी खरोखरच एक खडा उचलून बाजूला टाकला.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आणि छत्री?”

“तीही मिळाली!” मी म्हणालो.

“म्हणजे सगळंच मिळालं. लईच चांगला हाये तुमचा कुलगुरू.” त्यांनी सूप खाली ठेवलं. “कुंदे, डब्यात साखर हाये. भास्कराच्या तोंडात घाल. आन मले नागपूरले कधी नेतेस ते सांग.”

*

माई मशीनवर जायला लागल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी, पहाटेच्या गाडीनं. कुंदाबाई शेजारी बसून उत्तरपत्रिका तपासायच्या. पावसाळाभर हे चाललं. रेवतीला मुलगी झाली. पगारी रजेवरची आमच्या विद्यापीठातली ती पहिली तासिकावाली. ती बाळाला घेऊन आली तेव्हा माईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, “पाचव्या कलमाची पोरगी हाये ही. नाव ठेवलं काय?”

छत्र्याही आल्या. काळ्या, लाकडी मुठीच्या, एका पाकळीवर विद्यापीठाचा पांढरा शिक्का.

गणपती गेले आणि माई हटून बसल्या. मशीन नको.

“सुया टोचून हाताची चाळणी झाली माह्या. नाही सोसत मले.”

मी हे ऐकलं आणि मला ते पटेना. या बाईच्या पावलावर उकळतं तेल सांडलेलं मी पाहिलं होतं. सांडल्यावरही तिनं पंगत पुरी वाढली होती. कुंदाबाईंनी विनवलं, रागावल्या, जेवायच्या थांबल्या. माई लहान पोरासारख्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. “दुखते. नाही म्हटलं ना एकदा.”

“तुम्ही सांगून बघा, भास्करराव,” कुंदाबाई म्हणाल्या. पुढच्या सोमवारी प्लॉटची खरेदी होणार होती, हे फक्त त्यांना आणि मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मी दुपारी गेलो. कुंदाबाईंचा तास होता.

“कुंदी नाही ना मागं?” माईंनी विचारलं.

“नाही.”

त्या उठून बसल्या. भिंतीकडे तोंड करणारी ती किरकिरी बाई कुठे गेली कोण जाणे. “मंग ऐक. सातवं कधी मंजूर होत नसते, भास्करा. ते मीच सांगितलं होतं ना तुमाले?”

मी बिबट्यांचा, माकडांचा माणूस. या बाईपुढे त्यातलं एकही चालणार नव्हतं.

“मग त्याच दिवशी का नाही बोललात?” मी विचारलं.

“ती जन्मात पयल्यांदा खोटं बोलली रे. माह्यासाठी. कसं मोडू?” त्यांनी हातावरची पट्टी सारखी केली. “म्हणून गेली मशीनवर. म्हटलं, तिच्या खोट्याचा मान ठेवावा थोडे दिवस. पण परवा गिऱ्हाईक आलं होतं दारात, ती शिकवायले गेली होती तवा. प्लॉटच्या चतुःसीमा मलेच विचारल्या त्यानं. मी सांगितल्या. मीच तर घेतला होता.”

“माई, आम्ही वर्गणी काढतो. संघटना आहे, टेंभेकर आहेत, तुमच्या खानावळीत जेवलेली निम्मी दुनिया आहे—”

“मी वाढणारी हाये, लेका. वाढून घ्यायले बसली नाही कधी.” मग आवाज खाली आला. “मशीन बरं नाही करत रे. नुसतं थांबवून धरते. वर्ष, दोन वर्ष. आन त्याच्यानंतर तिले राह्यले घर नाही. तो हिशेब तिच्यापेक्षा मले चांगला येते.”

“मी कुंदाबाईंना सांगणार.”

“काय सांगशीन? माईनं ओळखलं म्हणून? मंग तिचं ते सातवं म्हणणं तिले जन्मभर टोचीन. माह्या सुयांपेक्षा जास्त.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “तिले वाटू दे, माई सुयांले भ्यायली. भित्र्या माणसाचं दुःख लवकर सरते.”

“शपथ घालता का?”

“तुह्या शपथेले कोन विचारते? तू नुसता गप राह्य. तुले आजवर जमलं नाही, तेवढं एक कर माह्यासाठी.”

मी उठलो. दारात त्यांनी हाक मारली.

“भास्करा, छत्री तरी खरीच मिळाली ना तुमाले?”

“खरीच, माई.”

“मंग तुही मले आणून दे. पाहू तरी कशी हाये.”

दुसऱ्या दिवशी मी माझी छत्री नेऊन दिली. त्यांनी ती अंथरुणावर बसून उघडली, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “चांगली हाये. कापड चांगलं हाये.” मग ती उशाच्या खुंटीला टांगून ठेवायला सांगितली.

सोमवारी खरेदी झाली नाही. पेशंटच जात नाही म्हटल्यावर कुंदाबाईंनी गिऱ्हाइकाला थांबवलं. माई आश्विनात गेल्या.

त्या दिवशी ऊन असं होतं की स्मशानाच्या वाटेवरची कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. तिरडी उचलायच्या आधी कुंदाबाई आत गेल्या आणि खुंटीवरची छत्री घेऊन आल्या. घाटापर्यंत त्या तिरडीच्या बाजूनं चालल्या, हात ताणून, माईंच्या तोंडावर छत्री धरून. स्वतःचं डोकं उन्हात. टेंभेकर खांदा द्यायला आले होते. पाकळीवरचा पांढरा शिक्का त्यांच्या डोळ्यांसमोर हलत होता. विद्यापीठाची एक सवलत त्या दिवशी, घाटापर्यंत का होईना, अवलंबित बहिणीला लागू झाली.

*

आमच्या विद्यापीठात आजही दर जूनमध्ये प्राध्यापकांना काळी छत्री मिळते. नवी पोरं विचारतात, हे काय खूळ? मी त्यांना दर वर्षी वेगळी थाप सांगतो. माकडाची सगळ्यांना आवडते.

तीन वर्षांनी नवा करार झाला. त्यात भाऊ-बहीण आले. टेंभेकरांनी ते स्वतःच्या हातानं पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं. कुंदाबाईंनी त्या कागदावर सही केली आणि संघटना सोडली. निवृत्त झाल्यावर टेकडीमागच्या प्लॉटवर दोन खोल्या बांधल्या. पुढे ओटा, ओट्यावर दोन खुर्च्या. संध्याकाळी मी तिथे जायचो. गेल्या वर्षी त्याही गेल्या, म्हणून आज हे सांगतोय.

शेवटच्या काही दिवसांतली एक संध्याकाळ. चहा झाला होता. दाराआडच्या खुंटीवर ती छत्री, कापड विटून तपकिरी झालेलं, शिक्का ओळखू न येणारा.

“भास्करराव,” कुंदाबाई म्हणाल्या, “माई सुयांना कंटाळून गेली, याचं वाईट वाटतं. पण एक बरं झालं. नियमात बसलो म्हणून सरकारी इतमामानं इलाज घेतला, कुणाचं देणं केलं नाही, या समाधानात गेली ती. तुमच्या हजार थापा फुकट गेल्या असतील. ती एक मात्र तिनं खरी मानली. मानली ना?”

त्या माझ्याकडे वळून बघत होत्या. गणिताच्या बाई. उत्तर बरोबर आहे ना, एवढंच विचारत होत्या.

“न मानून सांगते कुणाला,” मी म्हणालो. “थाप कुणाची होती?”

त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. मग माझ्या रिकाम्या कपाकडे बघून उठल्या, आणि आत जाऊन माझ्यासाठी साखरेचा डबा घेऊन आल्या, त्या दिवशी माईंनी आणायला लावला होता तसा.